लीहायला येण्याआधी: शेजारच्या मॉर्मन घराविषयी

नमस्कार.

तुमच्या यजमानांना युटा राज्यातल्या लीहाय इथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली आहे, शाळा सुरू होण्याआधी तुम्ही पुण्याहून इकडे येणार आहात, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तेरा वर्षांचा आहे. आजूबाजूला बहुतेक कुटुंबे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत उगम पावलेल्या एका ख्रिस्ती पंथाची, असतात असे ऐकून मुलांना तिथे परके वाटेल का, कोणी धर्म बदलायचा आग्रह करील का आणि एकटेपणा कितपत जाणवेल, हे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे प्रकार, घरभाड्याचे करार, वाहन परवाना हे सारे सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित दिलेले असते, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. आम्ही सांगलीहून इथे आलो तेव्हा माझी मुलगीही सात वर्षांचीच होती आणि कुंपणापलीकडच्या घरात सहा मुलांचे एक मॉर्मन कुटुंब राहत होते. ते आजही तिथेच आहे. माझ्या दोन्ही मुलांचे बालपण त्या घराच्या सोबतीने गेले, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय मला राहवले नाही.

प्रथम हे लक्षात घ्या की इथे धर्म म्हणजे केवळ रविवारची प्रार्थना नव्हे, तर आठवड्याच्या प्रत्येक दिवसाची आखणी आहे. सॉल्ट लेक सिटी ते प्रोव्हो या पट्ट्यात दर काही गल्ल्यांचा मिळून चर्चचा एक 'वॉर्ड' असतो, आणि तुम्ही कुठे राहता त्यावरून तुमचा वॉर्ड ठरतो. त्याचा प्रमुख, म्हणजे बिशप, पगारी नसतो. तो एरवी दंतवैद्य असेल, हिशेबनीस असेल किंवा तुमच्या यजमानांच्या कार्यालयातला एखादा अभियंताही असेल, आणि काही वर्षे ही जबाबदारी सांभाळून तो पुन्हा बाकाबाकांमधला साधा सदस्य होतो. बाकीच्यांनाही काही ना काही काम नेमून दिलेले असते. आमच्या शेजारणीकडे अनेक वर्षे लहान मुलांच्या वर्गांची जबाबदारी होती आणि तिचे यजमान बिशपच्या मदतनिसांपैकी एक होते. सहा मुले, नोकरी, घर आणि त्यावर ही कामे, असा तो संसार होता.

शनिवारी रात्री मी कधी काही द्यायला त्यांच्याकडे गेले, तर जिन्याच्या पायऱ्यांवर दुसऱ्या दिवसाची तयारी मांडलेली दिसे. प्रत्येक मुलाची एक पायरी, तिच्यावर इस्त्रीचा पांढरा सदरा किंवा झगा, मोजे, पुसलेले बूट आणि धर्मग्रंथ. सर्वांत खालची पायरी धाकटीची, कारण तिला वर चढून आपले कपडे शोधायला वेळ लागे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर महिन्याचा मोठा तक्ता होता आणि त्यात प्रत्येक मुलाला एक रंग दिलेला होता: पियानो, फुटबॉल, दातांची तपासणी, वॉर्डमधल्या आजारी आजींकडे जेवण पोहोचवणे. पूर्वी रविवारी चर्चमध्ये तीन तास जात. 2019 च्या जानेवारीपासून ते दोन झाले आणि उरलेला अभ्यास कुटुंबाने घरी करावा असे ठरले. महिन्याच्या पहिल्या रविवारी लागोपाठ दोन जेवणांचा उपास असतो आणि वाचलेल्या अन्नाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे असतात. सोमवारची संध्याकाळ घरच्यांची: एक गाणे, एक छोटा पाठ, एखादा खेळ आणि शेवटी काहीतरी गोड. पाठ कोणी घ्यायचा, प्रार्थना कोणी म्हणायची, गोड कोणी वाढायचे याच्या पाळ्या लावलेल्या असतात, आणि चार वर्षांचे मूलही आपली पाळी आली की गंभीरपणे उभे राहते. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, आमच्याकडे ती बुधवारी असते, अकरा-बारा वर्षांपुढच्या मुलांचा कार्यक्रम असतो.

म्हणून व्यवहारातली गोष्ट अशी की मुलीचा वाढदिवस रविवारी ठेवू नका, सोमवारी संध्याकाळी कोणाला जेवायला बोलावू नका, आणि पहिल्या रविवारी प्रसादाचा डबा नेऊन दिलात तर तो संध्याकाळपर्यंत तसाच झाकून राहील हे जाणून असा. घरी आलेल्याला चहा विचारण्याची आपली रीत आहे, पण 1833 पासून चालत आलेल्या त्यांच्या नियमानुसार चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहे. कोकम सरबत, पन्हे, ताक हे सारे चालते, आणि पन्हे तर त्यांच्या मुलांना इतके आवडते की उन्हाळ्यात ती स्वतःहून मागायला येतात. 1890 मध्ये त्यांच्या चर्चने बहुपत्नीत्व थांबवल्याचे जाहीर केले. आजही पाहुणे तोच प्रश्न आधी विचारतात आणि यजमान तो निमूटपणे सोसतात, तेव्हा निदान आपण तो विचारू नये. 'मॉर्मन' हे नाव टाळून चर्चचे पूर्ण नाव घ्यावे अशी विनंती त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये केली होती. बोलताना 'चर्चचे सदस्य' म्हटले की पुरते.

आता तुमच्या मुलीविषयी, कारण ती इथे दुसरीत बसेल आणि याच वर्षी तिला जे दिसेल त्याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. या चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. मूल आठ वर्षांचे झाले, की बरेवाईट त्याला कळू लागले असे मानतात, आणि मग बिशपशी थोडे बोलणे होऊन बाप्तिस्मा होतो. इथल्या शाळेत दुसरीच्या वर्गातली मुले वर्षभरात एकामागून एक आठ पूर्ण करतात. त्यामुळे दर महिन्याला वर्गात कोणाच्या ना कोणाच्या बाप्तिस्म्याची चर्चा चालते, आमंत्रणे वाटली जातात, नव्या ग्रंथावर सोनेरी अक्षरांत नाव कोरून मिळाल्याचे सांगितले जाते.

शेजारच्या घरातली तिसरी मुलगी माझ्या मुलीच्या बरोबरीची. तिच्या बाप्तिस्म्याला आम्ही सारे गेलो होतो. चर्चच्या इमारतीत एका सरकत्या दारामागे पाण्याचा हौद असतो आणि मागे बसलेल्यांनाही दिसावे म्हणून वर तिरपा आरसा लावलेला असतो. वडील आणि मुलगी दोघेही पांढऱ्या कपड्यांत पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात गेले, वडिलांनी हात वर करून प्रार्थना म्हटली आणि तिला पाठीवर आडवी करून पाण्यात बुडवली. दोन्ही बाजूंना साक्षीदार उभे असतात आणि केस, कपड्याचे टोक, पायाचे बोट असे काहीही पाण्यावर राहिले तर पुन्हा करावे लागते. तिच्या पायाचा अंगठा वर राहिला होता. वडील हसले, तिच्या कानात काहीतरी म्हणाले आणि दुसऱ्यांदा तिने स्वतःच गुडघे आत ओढून घेतले. ओल्या केसांनी ती वर आली तेव्हा समोरच्या खुर्च्यांत तिची आजी, मावश्या, आत्या, वर्गातल्या मैत्रिणी असे साठ-सत्तर लोक केवळ तिच्यासाठी बसलेले होते. नंतर लिंबाच्या वड्या आणि फळे होती.

घरी परतताना माझ्या मुलीने विचारले, "माझा कधी?" मी तिला समजावले की आपल्याकडे तसे नसते. पुढे काही वर्षांनी धाकट्याची मुंज आम्ही सांगलीला केली, कारण माझ्या सासऱ्यांचा आग्रह होता आणि धाकटा आठ वर्षांचा झाला होता. मांडव, मातृभोजन, भिक्षावळ, सारे झाले. त्या रात्री मुलीने मला सांगितले की हिला आठव्या वर्षी मिळाले, ह्याला आठव्या वर्षी मिळाले, मग माझे काय ते सांग. तिला सांगायला माझ्याजवळ काही नव्हते. आपल्या घरात मुलीसाठी असा एकही दिवस नाही, जेव्हा सारे नातेवाईक तिच्याच भोवती जमतात आणि तिला सांगतात की तू आता मोठी झालीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. सांगलीत राहिले असते तर मला हे जाणवलेही नसते. शेजारणीच्या हौदाकाठी ते जाणवले आणि अजून सलते. तुमची मुलगी आठ वर्षांची होईल तेव्हा तिच्यासाठी तुम्ही काही तरी करा. तिच्या हातून गणपतीची पूजा करवा, आजी-आजोबांना व्हिडिओवर बसवा, तिच्या मैत्रिणींना बोलवा. कोणत्याही पोथीत ते सांगितलेले नसले तरी करा.

शाळेबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि तिची चीड माझ्या मनातून गेलेली नाही. नाव घालताना घरात कोणती भाषा बोलली जाते असा प्रश्न असलेला एक कागद भरायला देतात. आम्ही खरे ते लिहिले, मराठी. सांगलीत इंग्रजी माध्यमात शिकलेली, वाचनात वर्गाच्या पुढे असलेली माझी मुलगी त्या एका शब्दावरून इंग्रजीच्या चाचणीला पाठवली गेली, नव्या जागेत बुजून ती तोंडी परीक्षेत गप्प राहिली आणि वर्षभर तिला रोज वर्गातून उठवून इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात बसवले. नेमक्या त्याच तासाला तिचा वर्ग गोष्टी वाचत असे. शाळेच्या कार्यालयात आम्ही हेलपाटे घातले, पत्रे लिहिली. वर्षअखेरची चाचणी झाल्याशिवाय काही करता येत नाही, हेच उत्तर प्रत्येक वेळी हसतमुखाने मिळाले. घरात मराठी बोलतो हे लपवा असे मी तुम्हाला सांगणार नाही, मला ते पटत नाही. पण चाचणीच्या आधी मुलीला त्या शिक्षिकेची ओळख करून द्या, चाचणी कशाची आहे ते समजावून सांगा, आणि पुण्याच्या शाळेचे प्रगतिपुस्तक व तिथल्या शिक्षकांचे पत्र सोबत आणा.

तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. नववीपासून इथली मॉर्मन मुले शाळेच्या वेळेतच एक तास बाहेर पडून शेजारच्या चर्चच्या इमारतीत धर्मशिक्षणाला जातात आणि पुढच्या तासाला परत येतात. त्याला सेमिनरी म्हणतात. जमीन चर्चची, शिक्षक चर्चचे, त्या तासाचे शाळेत गुण मिळत नाहीत, त्यामुळे कायद्याने त्यात काही वावगे नाही. मात्र त्या तासाला सारे मित्र एका दिशेने चालू लागतात आणि आपले मूल मागे राहते. तो तास रिकामा ठेवू नका. चित्रकला, संगणक, वाद्यवृंद असे त्याला मनापासून आवडणारे काही तिथे बसवा, आणि वेळापत्रक ठरण्यापूर्वीच शाळेच्या समुपदेशकांना भेटा. सोळाव्या वर्षाआधी मुलामुलींनी जोडीने फिरायला जाऊ नये असा त्यांच्यातला संकेत आहे, दारू-सिगारेट घरात नसते, रात्रीचे कार्यक्रम वेळेत संपतात. तेरा वर्षांच्या मुलाच्या आईला याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

अठराव्या वर्षी या घरांत जे घडते, त्या वेळी मला आमची परिस्थिती फार स्पष्ट दिसली. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खर्चाने धर्मप्रचाराला जातात. कुठे जायचे हे त्यांनी निवडायचे नसते, चर्च ठरवते. शेजारच्या थोरल्याच्या वेळी ते पत्र टपालाने मोठ्या पांढऱ्या लिफाफ्यात आले होते. घर माणसांनी भरले होते आणि ज्याने त्याने भिंतीवरच्या नकाशात आपल्या अंदाजाच्या जागी टाचणी टोचली होती. फिलिपिन्स निघाले. त्या काळी दोन वर्षांत घरी फोन करता येई तो नाताळला आणि मातृदिनाला, एरवी आठवड्याला एक ईमेल. शेजारीण सोमवारी सकाळी भांडी तशीच ठेवून संगणकाशी बसलेली मला खिडकीतून दिसे. मी आईशी सांगलीला रोज बोलत होते, आणि तरीही दूर असल्याचे दुःख माझेच मोठे आहे असे मला वाटत असे. 2019 च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घरी बोलायची मुभा मिळाली. तिसरी मुलगी गेल्या वर्षी ब्राझीलला गेली ती याच सवलतीत. तिचे पत्रही ऑनलाइन आले.

तिने या प्रवासासाठी सोळाव्या वर्षापासून पैसे साठवले होते. चहा-कॉफी नसल्यामुळे इथे सरबती सोड्याची दुकाने जागोजागी आहेत, आणि तशाच एका दुकानात ती सुटीत काम करी. माझ्या मुलीला तिथेच, तिच्याबरोबर काम करायचे होते. ते शक्य नव्हते, कारण ती एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, होती आणि त्या व्हिसावरच्या मुलांना एका तासाचीही नोकरी करता येत नाही. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे, की वडिलांचा अर्ज रांगेत असतानाच मुले 21 वर्षांची होतात आणि त्यांचे अवलंबित्व संपते. मग त्यांना स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. माझी मुलगी आता त्या उंबरठ्यावर आहे. एकाच गल्लीत, एकाच शाळेत वाढलेल्या दोन मुली. एकीला पत्र आले की तू ब्राझीलला जा, आणि तुझी खोली इथे तुझी वाट पाहील. दुसरीला पत्र येते की आणखी कागद पाठवा. तुमचा मुलगा आज तेरा वर्षांचा आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनी कधी सुरू करणार हे यजमानांनी नोकरी स्वीकारतानाच लेखी घ्यावे, पगारापेक्षाही आधी. हा एवढा सल्ला तुम्ही घेतलात, तरी माझे लिहिणे कारणी लागले असे मी समजेन.

लग्नाविषयी थोडक्यात लिहिते. त्यांच्या मंदिरातला विवाहविधी केवळ पात्रतेचा दाखला असलेल्या सदस्यांनाच पाहता येतो. शेजारच्या दुसऱ्या मुलीच्या लग्नात आम्ही मंदिराबाहेरच्या बागेत थांबलो होतो. आमच्याबरोबर नवऱ्या मुलाचा चर्च सोडलेला काकाही होता. संध्याकाळचा स्वागतसमारंभ मात्र सर्वांना खुला असतो, तिथे आम्हाला घरच्यासारखे वागवले. अक्षता हातात घेऊन साऱ्या गावाने उभे राहावे अशा लग्नांत वाढलेल्या मला ते बंद दार जड गेले, हे खरे आहे.

एकटेपणाचे तुम्ही विचारले आहे. पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझा पाय मोडला. त्या दिवसापासून दोन आठवडे रोज संध्याकाळी वॉर्डमधल्या कोणी ना कोणी गरम जेवण आणून दिले. आम्ही शाकाहारी आहोत हे विचारून घेतले होते. बटाटा आणि चीज घातलेला तो त्यांचा भाजलेला प्रकार आम्ही इतका खाल्ला की मुले अजून त्याची आठवण काढतात. उजाडण्याआधी त्यांची मुले आमच्या दारातला बर्फ फावड्याने ओढून जात, आणि कोणी केले ते सांगायलाही थांबत नसत. पाय बरा झाला आणि येणे थांबले. त्यात दुष्टावा नव्हता, अंतर ठेवणेही नव्हते. त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात आजाऱ्यासाठी जागा होती, नव्या बाळासाठी होती, नोकरी गेलेल्यासाठी होती, पण सहज येऊन ओट्याशी उभे राहून दोन गोष्टी बोलण्यासाठी एकही मोकळा चौकोन नव्हता. सांगलीत माझी आई वाटीभर साखर मागायला जाई आणि तासाने परत येई. मला त्या तासाची भूक होती. संकटात मी इथे कधीही एकटी नव्हते. मंगळवारी दुपारी, सारे ठीक असताना, मी फार एकटी होते, आणि अनेक वर्षे होते. पुढे शेजारीण आणि मी रोज सकाळी बरोबर चालायला जाऊ लागलो, कारण तेही तिने तक्त्यात लिहून टाकले. इथे ओढ वाटून चालत नाही, वार आणि वेळ ठरवावी लागते. तुम्ही ती पहिल्या महिन्यातच ठरवा.

राहिला धर्मांतराचा प्रश्न. बोलावणी येतील, पांढऱ्या सदऱ्यातले दोन तरुण दार वाजवतील, मुलांना बुधवारच्या कार्यक्रमाला नेऊ का असे विचारले जाईल. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या संमतीशिवाय होत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नका. आम्ही शांतपणे नाही म्हटले आणि मैत्री टिकली. सगळ्यांचीच टिकते असे नाही. दोन घरांनी हळूहळू बोलावणे कमी केले आणि मुलीला ते कळले. बुधवारी मात्र आम्ही तिला जाऊ दिले. ती तिथे रजई शिवायला शिकली, अनोळखी वृद्धांशी बोलायला शिकली. साउथ जॉर्डनला गणपतीचे मंदिर आहे, स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचे आहे आणि तिथल्या होळीला वसंतात हजारो माणसे लोटतात, त्यांत मॉर्मन विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. तिच्या मैत्रिणी दरवर्षी तिच्याबरोबर तिथे जात. पण वर्षातून एक होळी आणि एक गणेशोत्सव यांनी मुलाच्या आठवड्याला आकार येत नाही, आणि शेजारी तर आठवड्याचे सातही दिवस भरलेले. आम्ही श्रद्धाळू आहोत, तरीही आमच्या श्रद्धेला वेळ नेमून दिलेली नव्हती. मुलगी पंधरा वर्षांची असताना म्हणाली, की त्यांचे सगळे मला पटत नाही, पण सोमवारी त्यांच्या घरी कोणी फोन उचलत नाही ते मला आवडते. त्यानंतर आम्ही शुक्रवारी रात्री चौघे एकत्र बसून आरती म्हणू लागलो, आणि जेवताना प्रत्येकाने आठवड्यातली एक गोष्ट मराठीत सांगायची असे ठरवले. धाकट्याला त्याचा लाभ झाला. मुलीला तो उशिरा मिळाला आणि तिची मराठी अडखळते.

तुमचे घर कोणत्या भागात ठरते ते कळवा. शाळेची हद्द कुठून कुठे जाते आणि आठवीतून नववीत जाताना शाळा बदलते का, हे मी तिथल्या ओळखीच्या कुटुंबांना विचारून सांगेन. भाड्याच्या करारावर सही करण्याआधी ते समजलेले बरे.